शेओड्याखालची सवाष्ण

सकाळच्या चहाचा पहिला घोट अजून घशातच होता, तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली दिदी म्हणाली, "तोतन, झुडपात कोण शिरलंय बघ." मी बसल्या जागेवरून म्हटलं, "कुणी नाही." "न बघताच?" "बघितलं ना." "तुझी खुर्ची करकरली नाही. बसल्या बसल्या भिंतीपलीकडचं दिसायला लागलं असेल तर बरंच झालं, माझ्या डोळ्यांचंही काम तूच कर. तो शिंपी पक्षी ओरडतोय. मांजर आलं की तो वेगळं ओरडतो. हे माणसावरचं ओरडणं आहे." मग उठावंच लागलं. खिडकीच्या गजांना नाक लावून खाली पाहिलं. आमच्या घराच्या मागच्या बाजूला सार्वजनिक बागेचं लोखंडी कुंपण, आणि त्याच्या आत बागेचा तो एकच कोपरा, जिथे माळ्याची कात्री अजून पोचलेली नाही. शेओड्याचं वाकडं झाड, त्याच्या अंगाखांद्यावर चढलेले रानतोंडल्याचे वेल, शेजारी एक उंबर, खाली नावं नसलेल्या झुडपांची दाटी आणि वर्षानुवर्षं न झाडलेला पाचोळा. शेओड्याच्या बुंध्याला कुणीतरी लाल प्लॅस्टिकची फीत बांधून गेलं होतं. छान गाठ मारून, लग्नातल्या भेटवस्तूला बांधतात तशी. उंबरालाही एक. जिन्यात अंधारात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी माझ्या छातीत झालं. "कागद अडकलाय कसला तरी, वाऱ्यानं," मी म्हटलं. "वारा कुठाय?" दिदी म्हणाली, आणि पुन्हा कान लावून बसली.

मी जन्मभर केसांचं तेल विकलं. बर्दवान, कटवा, बहरमपूर, पार कूचबिहारपर्यंत पेटी घेऊन फिरलो, आणि डोकं हे असं, घासलेल्या तांब्यासारखं. गिऱ्हाइकाची नजर वर गेली की मी म्हणायचो, अहो, या डोक्यावर इतके केस यायचे की आमच्या न्हाव्यानं एके दिवशी रडत पाय धरले, म्हणाला बाबू, मलाही बायकापोरं आहेत. मग दया येऊन मुळासकट काढून टाकले. लोक हसायचे आणि बाटली घ्यायचे. कटव्याच्या स्टेशनमास्तरला मी सांगितलं होतं की या तेलाचा एक थेंब फलाटावर सांडला आणि दुसऱ्या खेपेला येतो तो फलाटाला दाढी. तो अजून मला त्या नावानं ओळखतो, जिवंत असेल तर. सांगायचं एवढंच, की थापेला कधी घाबरलो नाही. थाप ही फक्त पेरायची असते, पाणी लोकच घालतात. पण दिदीपुढे माझी थाप उगवत नाही. लहानपणीही उगवली नाही, आणि आता तिला दिसत नाही तर मुळीच उगवत नाही. तिचे डोळे गेली काही वर्षं दुधात बुडवून काढलेल्या काचेसारखे झालेत. उजेड कळतो, समोर माणूस हललं तर कळतं. बाकी सगळं तिनं कानांवर सोपवून दिलंय. पहाटे दयाळ शेओड्याच्या शेंड्यावरून शीळ घालतो, तेव्हा ती उठते. बुलबुलांचं उंबरावर भांडण सुरू झालं की मला म्हणते, पाणी तापव. आणि दुपारी, सगळी आळी भात-मासे खाऊन आडवी झाली की झुडपाच्या पोटातून भारद्वाज घुमतो, पूप, पूप, पूप, पूप, रिकाम्या माठात कुणी तोंड घालून हाका मारतंय असा. तेव्हा ती हातातलं विणकाम खाली ठेवते. का ठेवते ते मला ठाऊक आहे. तिला माहीत आहे की मला ठाऊक आहे. याविषयी आम्ही आयुष्यात एकदाच बोललो.

लाल फितीचा अर्थ मी चहाच्या टपरीवर जाऊन काढला. जाताना बागेतूनच गेलो. ही बाग सुंदर झाली त्याला बरीच वर्षं झाली. पायवाटेवर रंगीत फरशा, तळ्याला काठापर्यंत सिमेंट, कमरेएवढी छाटलेली कुंपणझाडं, आणि मधोमध बाटलीच्या आकाराचे ताड, ज्यांच्यावर कावळाही बसत नाही, घसरतो. पाचोळा पडला की लगेच फुंकायचं यंत्र घेऊन माणूस येतो. तो पाचोळा फुंकतो आणि पाचोळ्याखालचे किडे, किड्यांमागचे पक्षी, सगळंच फुंकून टाकतो. तरी सकाळी फिरायला येणारे लोक म्हणतात, आपल्या बागेत अजून किती पक्षी आहेत बघा. आहेत. ते राहतात आमच्या खिडकीखाली. तिथून निघतात, ताडांमधून, बाकांवरून उंडारून येतात, पण अंडी, पिल्लं, आजारपण, म्हातारपण, सगळं त्या अस्ताव्यस्त कोपऱ्यात. हिवाळ्यात डोंगरांतून नारिंगी डोक्याचा एक कस्तूर येतो तोही थेट तिथेच उतरतो, पाचोळा उलटापालटा करत बसतो, जणू मागच्या वर्षी इथेच काही ठेवून गेला होता. आणि एक उदमांजर राहतं, जे दिसत कधीच नाही. फक्त कातरवेळी त्याचा वास येतो. कोवळ्या सुवासिक तांदळाचा भात नुकता उतरवलाय, असा. या वासाचं पुढे काम पडणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

टपरीवर बुल्टू होता. तीर्थंकर सामंत हे त्याचं कागदावरचं नाव, पन्नाशीला आलाय, क्लबाचा सेक्रेटरी आहे, पण माझ्या मांडीवर बसून गोष्टी ऐकलेला, तेव्हा माझ्यासाठी बुल्टूच, आणि त्याच्यासाठी मी जेठू, मोठा काका. त्याच्याबरोबर एक शेंडीवाला तरुण कलाकार, शौगत, मांडीवर मोठा कागद पसरून बसला होता. "या जेठू," बुल्टू म्हणाला, "तुम्हालाच बोलावणार होतो. यंदाच्या पूजेची थीम ठरली. यंदा आपला मंडप म्हणजे पाखरांचं घर! शहरातून नाहीशा होणाऱ्या पक्ष्यांवर. मातीचे हजारो पक्षी, बांबूचं जंगल, सुगरणीच्या खोप्यांचं छत, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध पंख पसरलेली दुर्गा. आवाजसुद्धा असणार, रेकॉर्ड केलेले. माणूस आत शिरला की रडलाच पाहिजे." मी विचारलं, "आणि हे जंगल उभं कुठे राहणार?" "तोच तर प्रश्न होता. मैदानात रांगेला जागा पाहिजे. मग शौगत म्हणाला, ईशान्येचा कोपरा वाया चाललाय. तिथलं रान साफ केलं की मंडप अगदी फिट बसतो." शौगतनं अगदी गोड हसून मान डोलावली. पोरगा वाईट नव्हता. त्याच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेला दयाळ इतका हुबेहूब होता की त्याच्या शेपटीचा झटका मला दिसला. मी त्या चित्राकडे बघत राहिलो. चहा निवत होता. पक्ष्यांचं घर बांधायला पक्ष्यांचं घर पाडायचं, आणि त्यात कुणालाच काही खटकत नव्हतं. टपरीवर सगळे खूश होते, गेल्या वर्षी पलीकडच्या आळीला बक्षीस मिळालं होतं.

मग मी माझं जुनं हत्यार काढलं. आवाज खाली आणला, चहाचं मातीचं भांडं हलकेच बाकावर ठेवलं. "बुल्टू, तो शेओडा भुताचा आहे हे विसरलास? तिथे कोण राहतं?" टपरीवरचे दोघंतिघं हसायला लागले. बुल्टू सगळ्यांत मोठ्यानं हसला. "जेठू, शाकचुन्नी कधीच गेली हो! तिनं राजारहाटला फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे." "नवऱ्याचं नाव आहे का फ्लॅटवर?" दुसऱ्यानं विचारलं. "नाही, दोघांच्या नावावर, सवाष्ण आहे ना ती!" खूप हसले. मीही हसलो; उत्तम विनोदाला हसलं पाहिजे, तो आपल्यावर असला तरी. पण घरी जाताना ते हसू वाटेतच संपलं. याच बुल्टूला लहानपणी सांजवेळी चेंडू आणायला त्या कोपऱ्यात पाठवलं तर तो चड्डी ओली करून परत यायचा. त्याचे वडीलसुद्धा तिकडे बघताना छातीला हात लावायचे. सगळं शहर फरशांखाली गेलं, पण त्या कोपऱ्यावर कुणी कुऱ्हाड उचलली नाही, ती काही पक्ष्यांच्या प्रेमानं नव्हे. माझ्या शाकचुन्नीच्या भयानं. सवाष्णीच्या शंखाच्या बांगड्या घातलेली, लाल काठाच्या साडीतली, लग्न झालेल्या बाईचं भूत. तिला मी जन्माला घातलं होतं, माझं मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा. माझी पहिली थाप.

आणि थाप म्हणावी तर ती पूर्ण थापही नव्हती, कारण झुडपात बाई होती. दिदी. तेव्हा ती कॉलेजात शिकत होती, भूगोलाचे नकाशे काढायची, आणि संध्याकाळी मागच्या दारानं बाहेर पडून कुंपणाचा एक गज गळून पडला होता त्या फटीतून आत शिरायची. आत निशीथदा असायचा. पूर्वेकडून फाळणीत आलेला, पुढच्या गल्लीतल्या मेसमध्ये राहणारा, आमच्या वडिलांच्या दृष्टीनं जातीनं खालचा आणि पोटानं रिकामा. त्याच्याकडे कुणीतरी टाकून दिलेली नाटकाची दुर्बीण होती, एका डोळ्याची काच फुटलेली. तिच्यातून तो पक्षी बघायचा आणि दिदीला दाखवायचा. मी एकदा चोरून मागे गेलो होतो. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर पाहायला मिळेल. पाहायला काय मिळालं, तर दोघं पाचोळ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेत, श्वाससुद्धा न घेता, आणि समोर एक भारद्वाज, तांब्याच्या पंखांचा, लाल डोळ्यांचा, गोगलगाय फोडून खातोय. निशीथदानं ओठांवर बोट ठेवलं, मला. आणि दिदीच्या तोंडावर जे होतं ते मी नंतर कुठल्याही बाईच्या तोंडावर पाहिलं नाही, आणि मी पुष्कळ गावं पाहिली. मी तिथेच पाचोळ्यावर बसून राहिलो. डास चावले. उदमांजराचा तो भाताचा वास आला. घरी येईपर्यंत मी त्यांच्या बाजूचा झालो होतो.

मग एका संध्याकाळी शेजारच्या मोक्षदाकाकीमांनी गच्चीवरून पाहिलं की झुडपात लाल काठ हलतोय. त्यांना पाहणं आणि सांगणं यांच्यात श्वास घ्यायची सवय नव्हती. त्या तशाच आमच्या ओट्यावर आल्या, वडील हुक्क्याला बसलेले. "दादा, एक सांगायचं होतं, तुमच्या मागच्या झुडपात मी आत्ता एक बाई..." आणि मी दारातून ओरडलो, "मीपण पाहिली!" माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. शब्द आपोआप आले, जसे पुढे जन्मभर येत राहिले. "लाल काठाची साडी, हातात शंखाच्या बांगड्या, शेओड्याखाली बसली होती, पाय उलटे. आणि काकीमा, भाताचा वास येत होता! नवऱ्यासाठी रांधत होती!" काकीमांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी नाक वर केलं, आणि त्या क्षणी, देवाची शपथ, उदमांजरानं आम्हाला साथ दिली. वास आला. काकीमा मट्कन खाली बसल्या. रात्रीच्या जेवणापर्यंत त्या सांगत होत्या की शाकचुन्नीनं आपल्याला नावानं हाक मारली. आठवड्यात त्यांनी तिच्या सासरचं गावही शोधून काढलं. वडिलांनी पुरोहिताला विचारलं, पुरोहित म्हणाला झाडाला हात लावू नका, कोपेल. झालं. त्यानंतर संध्याकाळी तिकडे चिटपाखरू फिरकेना, म्हणजे माणसांतलं. त्या दोघांना त्या झुडपात एक सबंध पावसाळा मिळाला. मी मिळवून दिला. मग निशीथदाला दंडकारण्यातल्या निर्वासितांच्या शाळेत नोकरी लागली. जाताना म्हणाला, हिवाळ्यात तो नारिंगी डोक्याचा पाहुणा येईल ना, त्याच्या मागोमाग येतो. पाहुणा आला. पुढच्या वर्षीही आला. तो गेल्याची बातमी नंतर केव्हातरी कुणाकडून तरी आली, तापाची, की कदाचित तापाची नसेल. दिदीनं कुणाला विचारलं नाही. तिनं शाळेत भूगोल शिकवला, लग्नाला नाही म्हटलं, वडील ओरडून ओरडून थकले आणि गेले. आणि एकदा, मी बहरमपूरहून तेलाची पेटी घेऊन परत आलो होतो, पाय पाण्यात घालून बसलो होतो, तेव्हा भारद्वाज घुमला आणि ती एकदम म्हणाली, "तू तिला शंखाच्या बांगड्या का घातल्यास रे? नुसती पेत्नी म्हणाला असतास, कुवार मुलीचं भूत, तरी चाललं असतं." मी पाण्यातल्या पायाचा अंगठा चोळत राहिलो. तेव्हा तीच म्हणाली, "खोट्यात का होईना, तू माझं लग्न लावलंस." एवढंच. त्यानंतर तिनं मला वाढलं. भेंडीची भाजी होती, मीठ जास्त.

हे सगळं तेव्हा मी फितीकडे बघत आठवत होतो, असं नाही. आठवणी रांगेनं येत नाहीत. एखादी भात खाताना आली, एखादी दाढी करताना. दिवस मात्र पुढे सरकत होते. खुंटीपूजा झाली, बागेच्या मधोमध पहिला बांबू रोवून त्याला हार घातला, ढाक वाजला, बुल्टूनं धोतर नेसून नारळ फोडला. मेदिनीपूरहून बांबूवाले आले. ते मैदानात राहुट्या घालून राहिले आणि संध्याकाळी स्टोव्हवर खिचडी शिजवू लागले. दिदीनं ढाक ऐकला, बांबू पडल्याचे आवाज ऐकले. "मंडप कुठे बांधतायत?" "मधे. नेहमीसारखा." "मग कोपऱ्याकडे पावलं कुणाची?" "कुंपणाला रंग देणार आहेत, मोजमाप चाललंय." ती "अच्छा" म्हणाली. तिचं ते "अच्छा" मला सहन होत नाही. मी न्हाणीघरात गेलो, दार लावलं आणि घसा खोल करून बघितला: पूप, पूप. सुचलं होतं असं की झुडूप गेलंच तर दुपारी मीच गच्चीवरून घुमत जाईन, काय कळणार आहे तिला. बाहेरून आवाज आला, "तोतन, कफ झालाय का? आल्याचा रस घे." मी नळ सोडला. पाण्याच्या धारेखाली माझा हात, त्यावर काळे डाग. हा हात म्हाताऱ्याचा आहे हे अधूनमधून मला नव्यानं कळतं. म्हटलं, आता एकच गोष्ट उरली. खरं सांगायचं. बुल्टूला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं की तिथे भूत नव्हतं, तिथे माझी बहीण होती. या लोकांना प्रेमाच्या गोष्टीनं पाझर फुटतो, सिनेमाला जाऊन रडतात, नक्की फुटेल. झुडूप वाचेल. शौगत कदाचित त्याचीच थीम करील. दोघांचे मातीचे पुतळे, हातात दुर्बीण. रांग लागेल. आणि वर खिडकीत ती बसलेली असेल, आणि खालून रांगेतला प्रत्येक जण वर बोट दाखवील. मी नळ बंद केला.

तरी शेवटच्या दिवशी मी जायला निघालोच. सकाळी कोयते घासल्याचा आवाज येत होता. आता दिदीला काय सांगणार, कोयत्यानं रंग देतात? ती काही विचारत नव्हती. जेवणही नीट झालं. मी हात धुताना तिच्या खोलीतून आईची पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. नंतर एक बाटली कलंडल्याचा. मला वाटलं शाल शोधत असेल. मी चपला घातल्या आणि टपरीवर गेलो. भर दुपार, ढग पांगलेले, ऊन असं की फरशांवरून वाफ निघत होती. बुल्टू एकटाच बसला होता, रुमालानं मान पुसत. "जेठू, जेवण झालं की माणसं कामाला लागतायत. तुम्ही खरंच नाराज आहात?" त्याच्या आवाजात काळजी होती. मी त्याच्या शेजारी बसलो. तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला गोष्ट कुठून सुरू करावी ते सुचेना. थाप कुठूनही सुरू करता येते. "बुल्टू," मी म्हटलं, "ती शाकचुन्नी..." "हां?" "ती म्हणजे..." आणि मी वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागलो. गळ्यातून निघायला तयार होतं ते, पण ते माझं नव्हतंच. माझ्या मालकीचं एवढंच होतं, जे खोटं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आरडाओरडा झाला. बांबूवाल्यांपैकी एक जण धावत आला, एका पायात चप्पल, कोयता तिथेच टाकलेला. "बाबू! आत कोणीतरी आहे! शेओड्याखाली!" बुल्टू म्हणाला, "कुत्रं असेल." "कुत्र्याच्या हातात बांगड्या असतात का?" आम्ही गेलो. बुल्टू पुढे, मी मागे. उरलेली माणसं दूर घोळका करून उभी होती. झुडूप तसंच, दाट, दुपारच्या उन्हात काळपट हिरवं, शिंपी जिवाच्या आकांतानं ओरडत होता. आणि वेलांच्या पडद्यातून एक हात बाहेर आला होता. सुरकुतलेला, हाडं हाडं दिसणारा, मनगटावर पांढऱ्याशुभ्र शंखाच्या बांगड्या. त्यामागे पानांत लाल काठाची एक रेघ. हात वेल बाजूला करत नव्हता, बोलावत नव्हता, घालवत नव्हता. नुसता कोयत्याच्या वाटेत आडवा होता. आणि वास येत होता. भर दुपारी, जेव्हा तो कधीच येत नाही, तो भाताचा वास. की तो बांबूवाल्यांच्या पातेल्यातला होता, मला आजही सांगता येणार नाही. पाचोळ्यात काहीतरी सरपटलं, आणि तिच्या कोपराच्या अगदी जवळून, हातभर अंतरावरून, पूप, पूप, पूप, पूप.

मी बुल्टूच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरची चाळीस वर्षं उतरली होती. तो चेंडू आणायला पाठवलेला मुलगा तिथे उभा होता, हात आपोआप जोडलेले. मग त्याची नजर त्या हातावरून हळूहळू वर आमच्या खिडकीकडे गेली. खिडकीत कुणी नव्हतं. रिकामी खुर्ची आणि खुर्चीवर विणकाम. त्यानं पुन्हा हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं. किती कळलं ते मी कधी विचारलं नाही. पण मी बघत होतो की आता तो हसेल, मोठ्यानं म्हणेल, अहो पिशीमा, अहो आत्या, बाहेर या, काटे लागतील, आणि सगळे हसतील, बांबूवालेही, आणि ती पानांतून बाहेर येईल, एक वेडी म्हातारी. बुल्टूनं घसा साफ केला. वळला. आणि बांबूवाल्यांना अशा आवाजात म्हणाला की मलासुद्धा शहारा आला, "मागे व्हा सगळे. हात लावायचा नाही कुठल्याच फांदीला. आमच्या आजोबांच्या वेळी एकानं लावला होता. तो संध्याकाळपर्यंत घरी पोचला, पण बायकोनं त्याला ओळखलं नाही." ज्याचा कोयता पडला होता त्यानं कोयतासुद्धा उचलला नाही. "आणि मंडप?" शौगतनं विचारलं. "मंडप सरकव पश्चिमेला. रांग वळवू तळ्याच्या कडेनं. हा कोपरा असाच राहील. पाखरांच्या घराला पाठीमागे थोडं रान नको?" मग, सगळे पांगल्यावर, माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "जेठू, मागच्या फटीतून न्या त्यांना. तिथे खाली विटा आहेत, पाय जपा म्हणावं." आजोबांच्या वेळचा तो माणूस त्यानं उभ्या उभ्या पैदा केला होता. थाप कशी मारावी हे मी त्याला मांडीवर बसवून शिकवलं होतं, पण ती कुणासाठी मारावी हे काही मी शिकवलं नव्हतं.

पूजेत खूप गर्दी झाली. बक्षीस पलीकडच्या आळीलाच मिळालं. शौगतनं लाउडस्पीकरवर पक्ष्यांचे आवाज लावले होते, त्यात एक भारद्वाजही होता. तो घुमला की आमच्या झुडपातला खरा चिडून उत्तर द्यायचा, आणि लोक म्हणायचे, वा, काय साउंड केलाय. खिडकीत बसून दिदी मला सांगायची, हा आपला, हा मशीनचा, हा आपला. झुडपातली पिल्लं उडाली होती तोवर. तिच्या हातात त्या बांगड्या अजून होत्या. माझ्या तेलाची अर्धी बाटली ओतून तिनं त्या चढवल्या होत्या, नंतर बोटांचे सांधे सुजले. दशमीच्या दुपारी मी साबण आणि कोमट पाणी घेऊन तिच्यापुढे बसलो. म्हटलं, "दे हात, काढून टाकू. लोक काय म्हणतील, या वयात." खाली बायका देवीला आणि एकमेकींना शेंदूर लावत होत्या, तोंडानं मंगल उलूध्वनी चालला होता. तिनं हात दिला. मी बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत आणली, ती अडली, तिनं तोंड वेडंवाकडं केलं. मी पुन्हा साबण घेतला. तेव्हा तिनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला. खिडकीकडे तोंड करून, कान बाहेर ठेवून म्हणाली, "राहू दे, तोतन. मी कुठे घातल्यात? तूच घातल्यास."